उसना आवाज: ॲलिस्टर सिम विरुद्ध हाइन्झ, १९५९

१९५९ साली लंडनच्या न्यायालयात एका नटाने डबाबंद खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीविरुद्ध दाद मागितली. जाहिरातीत त्याचा फोटो नव्हता, त्याचं नाव नव्हतं, त्याच्या सिनेमातला एक तुकडाही उचललेला नव्हता. होता फक्त आवाज, आणि तोही त्याचा नव्हे, दुसऱ्या नटाने त्याच्यासारखा काढलेला. तक्रार करणारा नट म्हणजे ॲलिस्टर सिम, त्या काळात ब्रिटिश पडद्यावरचा सर्वांत लाडका स्कॉटिश विनोदी चरित्र अभिनेता. कंपनी हाइन्झ. नक्कल करणारा रॉन मूडी.

कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण दोन-चार ओळींत आटपतं: नकली आवाजाविरुद्ध मनाई हुकूम मागितला, तो नाकारला गेला. पण सिमचं आयुष्य बाजूला ठेवलं तर तो एवढा का चिडला हे कळत नाही, आणि न्यायालयाची अडचण बाजूला ठेवली तर तो का हरला हे कळत नाही.

आवाज घडला कसा

सिमचा जन्म ९ ऑक्टोबर १९००, एडिंबरा. वडील शिंपी, स्वतःचं दुकान. आई एग नावाच्या छोट्या बेटावरची, मूळची गेलिक बोलणारी. चार भावंडांत हा धाकटा. शाळा संपल्यावर काही काळ वडिलांच्या दुकानात आणि पुरुषांच्या तयार कपड्यांच्या दुकानात काम केलं. १९१८ मध्ये एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राला नाव घातलं, तेवढ्यात लष्करी प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. परत आल्यावर घरी सांगितलं की आपल्याला रंगभूमीवर जायचं आहे. घरात वादळ झालं. सिम घर सोडून हायलँड्समध्ये गेला आणि मिळेल ते काम करत फिरणाऱ्या मजुरांबरोबर राहिला. नंतर परतून त्याने नगरपालिकेच्या करआकारणी कचेरीत नोकरी धरली.

कलाटणी मिळाली ती अभिनयातून नव्हे, कवितावाचनातून. एडिंबराच्या संगीत महोत्सवातल्या काव्यवाचन स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळालं आणि त्या जोरावर तो उच्चार आणि भाषण शिकवू लागला. १९२५ ते १९३० अशी पाच वर्षं तो एडिंबराच्या न्यू कॉलेजमध्ये वक्तृत्वाचा अध्यापक होता. न्यू कॉलेज म्हणजे चर्चचे भावी धर्मोपदेशक घडवणारं विद्यालय. व्यासपीठावरून शेवटच्या बाकापर्यंत शब्द कसा पोचवायचा, वाक्याचा शेवट गिळायचा कसा नाही, श्वास कुठे घ्यायचा, हे तो त्या तरुणांना शिकवत होता. पुढे त्याने रंगवलेल्या ढोंगी मुख्याध्यापकांच्या आणि गूढ इन्स्पेक्टरांच्या बोलण्यात प्रवचनाचा जो सूर ऐकू येतो, त्याचं मूळ मला या पाच वर्षांत दिसतं.

नाटककार जॉन ड्रिंकवॉटरने त्याला व्यावसायिक नट होण्याचा धीर दिला. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये पॉल रोबसनच्या 'ऑथेल्लो'त निरोप्याची किरकोळ भूमिका मिळाली. सिम तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. या वयात बहुतेक नट दहा वर्षं मुरलेले असतात. सिमपाशी रंगमंचाचा अनुभव जवळजवळ नव्हता. त्याच्यापाशी होता तो आवाज, आणि त्या आवाजावर घेतलेली मेहनत.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९३२-३३ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक या नाट्यगृहाची मंडळी, १९३५ पासून सिनेमे, युद्धाच्या सुमारास इन्स्पेक्टर हॉर्नलीच्या चित्रपटांत सार्जंट बिंगहॅम. नाटकात त्याची जोडी जमली ती ग्लासगोच्या जेम्स ब्रायडीशी. ब्रायडी पेशाने डॉक्टर, खरं नाव ऑसबर्न हेन्री मेव्हर. १९५१ मध्ये ब्रायडी वारेपर्यंत सिम त्याच्या नाटकांतून काम करत राहिला, ती दिग्दर्शितही करत राहिला. १९४३ च्या 'मिस्टर बॉल्फ्री'त त्याने कर्मठ धर्मोपदेशक मॅकक्रिमन रंगवला. न्यू कॉलेजच्या माजी अध्यापकासाठी याहून घरची भूमिका कुठली असणार!

त्या आवाजात नेमकं होतं काय

प्रकरण सगळं आवाजाचं असल्यामुळे तो सुटा करून पाहायला हवा. सिमच्या बोलण्यात चार-पाच गोष्टी एकत्र चालतात. वाक्य वरच्या पट्टीत सुरू होतं आणि घसरत घसरत जवळजवळ हुंदक्यापाशी येतं. मधला एखादा स्वर तो ओढतो, ताणतो आणि मग एकदम सोडून देतो. ओढलेल्या स्वरावर बारीक कंप असतो. एवढं सगळं चालू असताना व्यंजनं मात्र काटेकोर, शब्दाचं शेवटचं अक्षर कधी हरवत नाही. आणि पाचवी गोष्ट म्हणजे विराम. हास्याचा शब्द यायच्या आधी तो इतका थांबतो की ऐकणाराच मनात तो शब्द उच्चारून टाकतो.

नक्कल करणाऱ्याला यातल्या पहिल्या तीन गोष्टी लवकर साधतात. घसरण, ताण आणि कंप जमले की लोक म्हणतात, 'अरे, हा तर सिम!' विराम उचलणं फार अवघड, कारण तो गळ्यात नसतो, प्रसंगाच्या समजेत असतो. पण जाहिरातीच्या मोजक्या सेकंदांत विरामाला जागाच नसते. म्हणजे ज्या ठिकाणी नक्कल उघडी पडली असती, तेवढाच भाग जाहिरातीत लागत नव्हता.

'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६) मध्ये युद्धकाळातल्या इस्पितळात खुनाचा तपास करणारा इन्स्पेक्टर कॉक्रिल निवेदकही आहे. तिथे चेहरा दिसण्याच्या आधी आवाजच माणूस उभा करतो. 'द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ' (१९५०) मध्ये मुलांच्या शाळेवर मुलींची शाळा येऊन आदळते आणि मुख्याध्यापक पाँड हळूहळू खचत जातो. समोर मार्गारेट रदरफोर्ड, म्हणजे जुगलबंदीच. 'स्क्रूज' (१९५१) मध्ये नाताळच्या सकाळी बदललेला कंजूष आनंदाने चक्क डोक्यावर उभा राहतो, आणि त्याचं हसू नव्याने हसायला शिकणाऱ्या माणसाचं आहे. 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स' (१९५४) मध्ये मुख्याध्यापिका मिस फ्रिटन आणि तिचा सट्टेवाला भाऊ क्लॅरेन्स हे दोघेही सिमच. बाईच्या वेषात तो आवाज बायकी करत नाही. फक्त लय मऊ आणि घरंदाज करतो.

हा आवाज दुसऱ्याला देण्याची कलाही त्याच्यापाशी होती. १९४० मध्ये जॉर्ज कोल हा पंधरा वर्षांचा मुलगा सिम आणि त्याची पत्नी नेओमी यांच्या घरी राहायला आला. सिमने त्याला नट म्हणून घडवलं, त्याची लंडनची गावठी बोली घासून काढली. 'स्क्रूज'मधला तरुण स्क्रूज म्हणजे हाच कोल. तेव्हा आपला ठसा दुसऱ्याच्या बोलण्यात उतरण्याला सिमचा विरोध होता असं नाही. शिकवणं वेगळं आणि पळवणं वेगळं.

जाहिरात

ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणी २२ सप्टेंबर १९५५ ला सुरू झाली. तोवर पडद्यावरचा नट आणि दुकानातला माल यांच्यात अंतर होतं. चार वर्षांत ते घराघरात मिटलं. हाइन्झच्या डबाबंद घेवड्याच्या (बेक्ड बीन्स) जाहिरातीत चित्रपट्टी होती, म्हणजे हलती व्यंगचित्रं, आणि त्यावर मूडीचा आवाज.

इथे माध्यमाने काम बिघडवलं. जिवंत नट पडद्यावर सिमची नक्कल करता तर चेहरा दिसला असता आणि चेहरा सिमचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चित्रपट्टीत तो पुरावा नाहीसा होतो, ओळख पटवायला फक्त आवाज उरतो. शिवाय जाहिरातीला श्रेयनामावली नसते. सिनेमाच्या शेवटी आवाज कोणाचा हे वाचता येतं, जाहिरातीत तसं काही नाही. घरी बसलेल्या माणसाला खरा माणूस कळण्याचा मार्गच नव्हता, म्हणून त्याने ओळखीचं नाव गृहीत धरलं.

मूडीचं यात काही वाकडं दिसत नाही. तेव्हा तो विनोदी कार्यक्रमांतला गुणी नट होता, १९६० मध्ये 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकातल्या फेगिनच्या भूमिकेने त्याला कीर्ती मिळवून दिली. नटाला काम मिळालं, त्याने ते केलं. प्रश्न होता तो काम देणाऱ्यांचा.

सिमचं म्हणणं असं, की आपण कशाचीही जाहिरात करून कलेचा बाजार मांडणार नाही. हे आयत्या वेळी सुचलेलं कारण नव्हतं. तो स्वाक्षऱ्या देत नसे, मुलाखती टाळत असे. त्याच्या मते नटाचा न्याय फक्त त्याच्या कामावरून व्हावा. प्रसिद्धीने चांगलं काम झाकोळत नाही आणि वाईट काम तरत नाही. १९४८ ते १९५१ तो एडिंबरा विद्यापीठाचा रेक्टर होता, म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला मानाचा पदाधिकारी. १९५३ मध्ये त्याला सीबीई हा किताब मिळाला. मानमरातब होता, पण तो कामातून आलेला. अशा माणसाने डबाबंद घेवड्यासाठी पैसे घेतले असा समज पसरणं त्याला झोंबणारच.

दाव्याची बांधणी

आता वकिलाच्या जागी बसून पाहू. १९५९ च्या इंग्लिश कायद्यात हाताशी काय होतं?

आवाजावर कॉपीराइट नव्हता. १९२५ च्या कायद्याने कलाकारांना थोडं संरक्षण दिलं होतं, पण ते त्यांच्या प्रयोगाचं परवानगीवाचून ध्वनिमुद्रण करण्याविरुद्ध. इथे सिमचा एकही प्रयोग मुद्रित झालेला नव्हता. खासगीपणाचा स्वतंत्र हक्क इंग्लंडमध्ये मान्य नव्हता. हाइन्झशी करार नव्हता, तेव्हा करारभंगही नाही. उरल्या दोन वाटा: बदनामी आणि 'पासिंग ऑफ', म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणं.

बदनामीला एक भक्कम आधार होता. सिरिल टॉली हा हौशी गोल्फपटू. फ्राय या चॉकलेट कंपनीने जाहिरातीत त्याचं व्यंगचित्र काढलं, खिशातून चॉकलेटचं पाकीट डोकावताना. टॉली म्हणाला, हे पाहून लोक समजतील की मी पैसे घेतले, म्हणजे मी हौशी राहिलोच नाही. १९३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे चित्र बदनामीकारक ठरू शकतं असं मानलं. सिमचा युक्तिवाद याच धर्तीचा.

पण दोन्ही प्रसंगांत एक फट आहे, आणि मला ती निर्णायक वाटते. टॉली हौशी होता, पैसे घेणं हाच त्याच्यावरचा कलंक. सिम व्यावसायिक नट. नटाने जाहिरातीला आवाज देणं ही काही बदनामी नाही, कित्येक चांगले नट ते करत होते. सिमसाठी ते लाजिरवाणं होतं कारण त्याने स्वतःवर एक नियम घालून घेतला होता. पण सर्वसामान्य प्रेक्षकाला तो नियम ठाऊक असेल तरच त्याच्या नजरेत सिम खाली उतरणार. टॉलीचं हौशीपण जगजाहीर होतं. सिमचा संयम त्याच्या जवळच्यांनाच माहीत होता, कारण तो मुलाखतीच देत नसे. ज्या स्वभावामुळे त्याला जखम झाली, त्याच स्वभावामुळे ती सिद्ध करणं कठीण झालं.

पासिंग ऑफची वाटही खडतर होती. १९४७ मध्ये 'अंकल मॅक' या नावाने बीबीसीवर मुलांचे कार्यक्रम करणारे डेरेक मॅककलॉक हरले होते. कोणीतरी 'अंकल मॅक'च्या नावाने फुलवलेले गहू विकत होता. न्यायमूर्ती विन-पॅरी म्हणाले, फिर्यादी गहू विकत नाहीत, तेव्हा दोघांचा धंद्याचा प्रांत एक नाही. हा 'समान प्रांता'चा दंडक सिमलाही आडवा येत होता. तो काही घेवडा विकत नव्हता. त्याचं उत्तर एवढंच की, मी आवाज विकतो आणि तुम्हीही आवाजच विकत घेतला. इथे माझं मत सिमच्या बाजूचं आहे. डब्यात घेवडा होता, पण जाहिरात कंपनीने बाजारातून घेतलेली वस्तू होती 'सिमसारखं बोलणं'. त्या बाजारात सिम उभाच होता, फक्त तिथला त्याचा भाव 'विकणे नाही' असा होता.

निकाल, आणि कुठे अडलं

सिमने पूर्ण सुनावणीची वाट न पाहता अंतरिम मनाई हुकूम मागितला. जाहिरात आज चालू आहे, निकाल यायला महिने लागतील, तोवर नुकसान होऊन जाईल, या हिशोबाने ते योग्यच होतं. पण त्यामुळे अख्खं प्रकरण सर्वांत अरुंद दारातून न्यावं लागलं.

बदनामीच्या दाव्यात अंतरिम मनाई जवळजवळ मिळतच नाही. १८९१ च्या 'बोनार्ड विरुद्ध पेरीमन'पासूनचा हा दंडक आहे: मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे ठरवणं ज्युरीचं काम, आणि खटल्याआधीच तोंड बंद करणं फक्त अगदी उघड प्रकरणात. हा नियम वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासाठी घडला. जाहिरातीचा त्या स्वातंत्र्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल, पण नियम दोघांना सारखाच लागू झाला. पासिंग ऑफचा मुद्दा त्याच घटनांवर उभा असल्यामुळे बदनामीतली सावधगिरी तिथेही आली.

न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी अर्ज फेटाळला. मात्र फेटाळताना त्यांनी नोंदवलं, की व्यापारी फायद्यासाठी कोणी दुसऱ्याचा आवाज त्याच्या संमतीवाचून वापरू शकत असेल, तर तो कायद्यातला गंभीर दोष ठरेल. अपील न्यायालयानेही मनाई दिली नाही. नटाच्या आवाजाला मालमत्ता म्हणता येतं का, हा प्रश्न वादाचा म्हणून तसाच मोकळा राहिला.

म्हणून 'सिम चुकीचा ठरला' असं म्हणणं बरोबर नाही. तो हरला ते अंतरिम टप्प्यावर. न्यायालयाने नकलेला परवानगी दिली नाही, फक्त ती लगेच थांबवायला नकार दिला. जाहिरातीच्या धंद्यात मात्र दोन्हींचा परिणाम एकच होतो, कारण मोहीम संपते आणि खटल्याला अर्थ उरत नाही. लोकांनी टिंगलही केली: घेवड्याच्या डब्यासाठी एवढा मोठा नट कोर्टात! टिंगल करणाऱ्यांना प्रश्न घेवड्याचा नाही हे कळलं नाही.

आज हेच प्रकरण बांधायचं तर पुरावा तीन ठिकाणी लावावा लागेल. पहिला, ऐकणाऱ्यांचा: जाहिरात ऐकून किती लोकांनी सिमचं नाव घेतलं, आणि त्यांतल्या किती जणांना वाटलं की त्याने पैसे घेतले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा, काम देणाऱ्यांचा: नटाला आवाज काढताना काय सांगितलं होतं. तिसरा, सिमच्या नकारांचा: आधी कोणत्या जाहिरातींना त्याने नाही म्हटलं.

दुसऱ्या पुराव्याचं वजन अमेरिकेत दिसलं. फोर्डच्या जाहिरातीसाठी बेट मिडलरने गायला नकार दिला, तेव्हा जाहिरात संस्थेने तिच्या जुन्या साथगायिकेला बोलावून शक्य तितकं मिडलरसारखं गा असं सांगितलं. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने मिडलरचा दावा मान्य केला आणि पुढे ज्युरीने चार लाख डॉलर दिले. 'आधी विचारलं, नकार मिळाला, मग नक्कल केली' या क्रमाने तिथे पारडं फिरवलं. इंग्लंडमध्ये समान प्रांताचा दंडक २००२ मध्ये एडी अर्व्हाइन या मोटार शर्यतपटूच्या प्रकरणात सुटला. रेडिओ वाहिनीने फोटोत फेरफार करून त्याच्या हातात मोबाइलऐवजी रेडिओ दिला होता. न्यायमूर्ती लॅडी यांनी खोटी शिफारस ही स्वतंत्र हानी मानली, आणि भरपाई अपिलात २,००० पौंडांवरून २५,००० पौंडांवर गेली.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंगच्या आवाजाचं कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेलं अनुकरण रोखलं. न्यायमूर्ती रियाज छागला यांच्या आदेशात आवाजाबरोबर गायनाची शैली आणि लकबी यांचाही समावेश आहे, आणि हा आदेश अंतरिमच आहे. सिमला जिथे दार बंद मिळालं, तिथेच अरिजितला ते उघडं मिळालं. फरकही ध्यानात ठेवायला हवा: मूडी माणूस होता, स्वतःच्या गळ्यातून सिम काढत होता. एखादा नकलाकार मंचावर नाव घेऊन नक्कल करतो तेव्हा कोणी फसत नाही. नाव लपवून माल विकला की फसवणूक सुरू होते.

नंतर

१९६० च्या 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' आणि 'द मिलियनेरेस'नंतर सिम बराच काळ सिनेमापासून दूर राहिला. १९६२ मध्ये ओल्ड व्हिकला शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधला प्रॉस्पेरो, १९६६ आणि १९६९ मध्ये चिचेस्टरच्या नाट्यमहोत्सवात 'द क्लँडेस्टाइन मॅरेज' आणि 'द मॅजिस्ट्रेट', 'पीटर पॅन'मधला कॅप्टन हुक पुन्हा पुन्हा. १९६७ पासून बीबीसीच्या 'मिसलीडिंग केसेस' या विनोदी मालिकेत तो न्यायमूर्ती स्वॉलो झाला. कायद्याच्या तर्काला टोकापर्यंत ताणणाऱ्या एका चिवट फिर्यादीचं म्हणणं तो दर भागात न्यायासनावरून ऐकून घेई.

१९७१ मध्ये रिचर्ड विल्यम्सच्या चित्रपट्टीत त्याने पुन्हा स्क्रूजला आवाज दिला. स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराच्या, मार्लीच्या भुताचा आवाज १९५१ च्या चित्रपटातल्याच मायकेल हॉर्डर्नचा. त्या चित्रपट्टीला ऑस्कर मिळालं. १९ ऑगस्ट १९७६ ला लंडनमध्ये सिम गेला.

हा आवाज कानाने तपासायचा असेल तर 'ग्रीन फॉर डेंजर'चं सुरुवातीचं निवेदन डोळे मिटून ऐकावं. मग १९५१ चा स्क्रूज आणि १९७१ चा स्क्रूज पाठोपाठ लावावेत. मधल्या वीस वर्षांत कंप वाढलेला आहे, वरची पट्टी थोडी खाली आली आहे. विराम मात्र जिथल्या तिथे आहेत.